झाकून न ठेवलेली शिकार

आब्दोन बारियाने आयुष्यात कुणाचा हेवा केला नव्हता. हेवा करायला निदान एखादा शेजारी तरी लागतो, आणि डोंगरात त्याला तोही नव्हता. साठी जवळ आल्यावर मात्र, कमरेचं हाड मोडून घेऊन समुद्राकाठी येऊन पडल्यावर, हेव्याने त्याला गाठलं. लहानपणी व्हायचा गोवर मोठेपणी झाला की अंगभर फुलतो, तसं झालं. आणि हे सगळं एका कुत्रीपायी.

कुत्रीचं नाव सेनीसा. राखेच्या रंगाची, लांब पायांची, उजवा कान प्यूमाच्या पंजाने फाटलेला. आब्दोन होता लेओनेरो, म्हणजे मेंढ्यांवर पडणाऱ्या प्यूमांचा माग काढून त्यांना मारणारा माणूस, आणि सेनीसा त्याचं नाक होती. तिची आई गेली तेव्हा हे डोळे न उघडलेलं पिल्लू त्याने सदऱ्यात घालून घरी आणलं होतं आणि मेंढीच्या दुधात बोट बुडवून चोखायला दिलं होतं. पुढची सगळी वर्षं दोघांनी डोंगरातल्या एका खोपटात, एका चुलीपुढे काढली. बर्फ पडायला लागलं की ती त्याच्या पायांवर येऊन झोपायची आणि तो पाय हलवायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात घोडा गोठलेल्या ओढ्यावर घसरला. आब्दोनला ट्रकमध्ये घालून शहरातल्या इस्पितळात नेलं, आणि तिथे त्याने महिनेच्या महिने छताकडे बघत काढले. तोवर कुत्री कुणीतरी सांभाळायला हवी होती. किनाऱ्यावरच्या खोपीत राहणारा इस्टेटीचा गडी सिरियाको म्हणाला, मी नेतो. नेली.

आब्दोन उठून चालायला लागेपर्यंत डोंगराकडची जमीन विकली गेली होती. इस्टेटीची मालकीण ब्रिहिदाबाई त्याला न्यायला स्वतः आली. "डोंगर आता आपला राहिला नाही, आब्दोन," ती म्हणाली. "किनाऱ्यावर ये. खोली आहे, चूल आहे. खोगिरं दुरुस्त कर. प्यूमा आता कुणी मारत नाही, आणि किनाऱ्यावरच्या मेंढ्याही मी कधीच्या काढून टाकल्या." तिचंही खरंच होतं. लोकर कुणी घेईना. आता बसमधून लोक यायचे ते पेंग्विन बघायला, आणि सगळी इस्टेट त्या पेंग्विनांच्या जिवावर चालायची.

आब्दोन काठी टेकत टेकत किनाऱ्यावर उतरला. सेनीसा धावत आली, त्याचा हात हुंगला, शेपटी हलवली आणि वळून सिरियाकोच्या पायाशी जाऊन बसली. शेपटी हलवली हे खरं, पण तशी ती टपालवाल्यालाही हलवायची.

तेव्हापासून आब्दोनच्या पोटात दुखायला लागलं. सिरियाको खोपीबाहेर पडला की सेनीसा त्याच्यामागे. सिरियाको कुंपणाची तार ओढतोय, सेनीसा शेजारी. सिरियाको दाढी करतोय, सेनीसा त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून बघतेय. आब्दोन खोगिराला टाके घालता घालता हे सगळं पाहायचा आणि सुई बोटात घुसवून घ्यायचा. त्यात डोंगरातून आणून ठेवलेलं आपलं सामान त्याने उघडलं तेव्हा त्याचा जुना तपकिरी पोंचो, डोक्यातून घालायची लोकरीची घोंगडी, त्यात नव्हता. सामान आणायला सिरियाकोच गेला होता. कुत्री ढापली ती ढापली, पोंचोही ढापला, असं आब्दोनने मनाशी ठरवून टाकलं. विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मागणं, आणि सिरियाकोकडे मागायचं तर मेलेलं बरं.

सिरियाको वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. पण तो हसरा, गोलमटोल, आब्दोनपेक्षा बराच लहान, आणि त्याला "उस्ताद" म्हणायचा. त्या "उस्ताद"नेच आब्दोनचा अधिक जळफळाट व्हायचा.

डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, एका दुपारी सगळे स्वयंपाकघरात होते. बाहेर वारा नेहमीसारखा पत्रे उचलत होता. एदेल्मिरा, म्हणजे घरातली स्वयंपाकीण, चरबीत पिठाच्या टिकल्या तळत होती आणि माते नावाच्या कडू चहाचा तुंबा हातोहात फिरत होता.

"काल तो पुन्हा येऊन गेला," सिरियाको म्हणाला. "खालच्या घळीतून, पेंग्विनांच्या वस्तीत."

"कोण तो?" एदेल्मिराने विचारलं.

"प्यूमा. दुसरा कोण येणार? तुझा नवरा तर कधीच पळाला."

"पळाला नाही, हाकलला मी."

आब्दोनने तुंब्यातला शेवटचा घोट आवाज करत ओढला. "प्यूमा आणि पेंग्विन खाणार. उद्या म्हणशील समुद्रातलं शेवाळ खातो."

"खातो, उस्ताद. मी डोळ्यांनी पाहिलाय. गेल्या उन्हाळ्यात तोंडात धरून चालला होता, कोंबडी धरावी तसा."

"मांजर असेल. दारू पोटात गेली की मांजरं मोठी दिसतात."

सिरियाको हसला. आब्दोनला हसायचं नव्हतं, त्याला शिकवायचं होतं. त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. "अरे, प्यूमा ग्वानाको खातो. माणसाहून जड जनावर, उंटासारखी मान, आणि लाथ बसली तर फासळी मोडेल. त्याच्या मानेवर झेप घेतो, गळा धरतो, निवाऱ्याला ओढून नेतो. आधी काळीज, मग बाकीचं. पोट भरलं की गवत, काटक्या, माती, जे मिळेल ते ओढून शिकार नीट झाकून ठेवतो आणि ती संपेपर्यंत तिथेच फिरतो. शिस्तीचा गडी आहे तो. तो असला मासळीच्या घाणीचा पक्षी चावत बसेल?"

"आमच्या रानात कुठला आलाय ग्वानाको," एदेल्मिरा कढईवरून मान न उचलता म्हणाली. ती पलीकडच्या ओल्या जंगलातली. "तिकडे पुदू खातो. एवढंसं हरीण, त्या कुत्रीएवढं. माझ्या बापाने एकदा प्यूमाचं पोट फाडलं, तर आत खुरं निघाली, माझ्या अंगठ्याएवढी."

"पुदू झालं तरी हरीणच."

"आणि मधल्या माळावर ससे खातो, ते? माझी बहीण आहे तिकडे. ती म्हणते, नुसते ससेच ससे. मिळेल ते खातो बिचारा. तुमच्यासारखी मालकीणबाईंना फर्माईश करत नाही, मला मांडीचाच तुकडा वाढा म्हणून."

"तेच तर मी म्हणतोय," सिरियाकोने टिकली उचलून फुंकली. "डोंगरात ग्वानाको, माळावर ससा, रानात पुदू. इथे हजारो पेंग्विन दारात उभे आहेत. उडता येत नाही, धड पळता येत नाही. मेंढ्या गेल्या, बंदुका गेल्या, आता तो परत आलाय. त्याने काय उपास करायचा, उस्ताद?"

सगळे हसले. ब्रिहिदाबाईही हसली. सेनीसाने सिरियाकोच्या हसण्याला डोकं वर केलं आणि त्याच्या गुडघ्यावर टेकवलं. सिरियाकोने अर्धी टिकली तिच्या तोंडात दिली. आब्दोनने आपली टिकली ताटलीत तशीच ठेवली. चरबीतली टिकली न खाता उठलेल्या माणसाला आमच्या किनाऱ्यावर आजारी समजतात. एदेल्मिराने विचारलंही, कंबर दुखते का. तो म्हणाला, हो, कंबर.

जानेवारीत पिल्लं मोठी झाली. एका सकाळी सिरियाको धापा टाकत घराशी आला आणि टोपी काढून म्हणाला, "बाई, घळीत या."

ब्रिहिदाबाईने जाताना आब्दोनला बरोबर घेतलं. "मला सांग हे कुणी केलं," ती म्हणाली. "तुझ्याइतकं कुणाला कळत नाही." किती दिवसांनी हे वाक्य त्याच्या कानावर पडलं होतं. काठी असूनही तो भराभर चालला.

घळीच्या तोंडाशी, काळ्या झुडपांमध्ये पेंग्विन मरून पडले होते. इथे एक, तिथे दोन, पुढे ढीगभर. काहींची छाती खाल्लेली, पुष्कळांना तर तोंडही लावलेलं नाही. एकही ओढून नेलेला नव्हता. एकावरही चिमूटभर माती नव्हती. जिवंत पेंग्विन बिळांच्या तोंडाशी उभे राहून गाढवासारखे ओरडत होते. गोट्यांमध्ये जिथे जिथे ओली वाळू होती तिथे तिथे सेनीसाच्या पंजांचे ठसे होते. आणि सेनीसा स्वतः सिरियाकोजवळ उभी होती, नाकाला एक पांढरं पीस चिकटलेलं.

आब्दोन वाकला. काठीने एक पक्षी उलटला, मग दुसरा. डोंगरात त्याने असं दृश्य पाहिलं होतं. मेंढ्यांच्या कळपात माजलेली कुत्री घुसली की असंच होतं. मारायचं, टाकायचं, पुढच्याला धरायचं. प्यूमाची ही रीत नाही. यात आब्दोन खोटं काही मनात आणत नव्हता, त्याला मनापासून तसंच वाटलं.

मग त्याने एक पक्षी मानेला धरून उचलला. मानेच्या मागे दोन भोकं होती. सवयीने त्याने दोन बोटं त्या भोकांच्या मध्ये ठेवली. अंतर मोठं होतं. सेनीसाचे सुळे त्याला आपल्या सुळ्यांहून जास्त ठाऊक होते. पिल्लू असताना तिने याच बोटांवर ते परजले होते. हे तिच्या जबड्याचं काम नव्हतं. त्याची बोटं तिथेच थांबली.

त्याने वर पाहिलं. सिरियाको गुडघ्यावर बसून बाहीने सेनीसाचं नाक पुसत होता. लेकराचं नाक पुसावं तसं पीस काढत होता, आणि ती डोळे मिटून गप उभी होती. तोंडाला हात तिने आजवर आब्दोनशिवाय कुणालाही लावू दिला नव्हता. एकदा तर इस्टेटीच्या डॉक्टरचा अंगठा फोडला होता. आब्दोनच्या छातीत असा भडका उडाला की त्याला क्षणभर दिसेना.

त्याने पक्षी खाली टाकला आणि हात खिशात घातला. "प्यूमा असं उघड्यावर टाकून जात नाही," तो म्हणाला. "हे कुत्र्याचं काम आहे."

इथे कुत्रे कमी आणि त्यात मोकळी फिरणारी एक सेनीसाच. मेंढ्यांच्या काळापासूनचा रिवाज सगळ्यांना माहीत होता आणि मेंढ्या गेल्या तरी तो राहिला होता: कळपावर पडलेलं कुत्रं मालकाने स्वतःच्या हाताने संपवायचं, घरापासून लांब नेऊन. खड्डा मात्र दुसऱ्याने खणायचा. एकाच माणसाकडून दोन्ही करून घेऊ नये, एवढी दया त्या रिवाजात आहे.

"कुत्री कुणाची?" ब्रिहिदाबाईने विचारलं.

हा प्रश्न कुणीतरी चारचौघांत विचारावा म्हणून आब्दोन इतके महिने झुरत होता. आणि आता तो विचारला गेला होता.

"मी नुसती सांभाळली," सिरियाको उभा राहत म्हणाला. "कुत्री उस्तादांची. मी कधी माझी म्हटलं नाही. पण बाई, हे तिने केलेलं नाही. ती प्यूमाच्या वासावर आली असेल. ती त्यासाठीच वाढवलेली आहे. मी सांगतो ना..."

"सिरियाको, मी आब्दोनला विचारलंय."

आब्दोनला वाटलं, आता बोलावं. खिशातली बोटं अजून तेवढ्याच अंतरावर ताणलेली होती. पण बोलायचं म्हणजे म्हणायचं, सिरियाकोचंच खरं, प्यूमा पेंग्विन खातो. म्हणजे पुन्हा ते स्वयंपाकघर, पुन्हा ते हसणं, आणि सेनीसा पुन्हा त्या गुडघ्यावर. "माझी कुत्री आहे," तो म्हणाला. "आज संध्याकाळच्या आत करतो."

दुपारी त्याने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची बंदूक उतरवली. एदेल्मिराने पाठ फिरवली. ती रडत होती की कांदा चिरत होती ते त्याने पाहिलं नाही.

बंदूक खांद्यावर चढताच सेनीसा वेडी झाली. अंगणात गिरक्या घेतल्या, त्याच्या छातीवर पाय दिले, पिल्लासारखी कुंई कुंई करत त्याची बाही ओढली. हिवाळ्यानंतर आज पहिल्यांदा तिचा माणूस शिकारीला निघाला होता. खोपीच्या दारात सिरियाको उभा होता, तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती आब्दोनच्या डाव्या बाजूला, एक पाऊल पुढे, अशी चालू लागली. ही तिची जुनी जागा. तो काठीमुळे मागे पडला की ती थांबायची, वळून पाहायची, पुन्हा निघायची.

आब्दोन सुखात होता. तिला मारायला निघालेला माणूस सुखात होता हे सांगताना जीभ अडखळते, पण तसंच होतं. त्या वाटेवर ती त्याची एकट्याची होती, आणि सिरियाको मागून बघतोय हे त्याला पाठीत कळत होतं. त्याला वाटत होतं, ही वाट अशीच समुद्राकाठाने चालत राहावी आणि कुठे पोचूच नये.

घळीच्या वर आल्यावर सेनीसा थबकली. पुढचा एक पाय उचललेला, पाठीवरचे केस उभे, शेपटी ताठ. भुंकली नाही. ही खूण तिने फक्त एकाच जनावरासाठी ठेवली होती. आब्दोनचे हात आपोआप बंदुकीवर गेले, आणि मग तो वाऱ्याच्या उलट बाजूने, कंबर विसरून, झुडपांमागे पोटावर सरपटला. सेनीसा त्याच्या खांद्याला खांदा लावून सरपटत होती.

खाली प्यूमा होती. मादी, सडपातळ, उन्हात मधाच्या रंगाची. पेंग्विनांच्या मधून ती अशी फिरत होती जशी एखादी बाई बाजारात भाव न करता फिरते. एकाला मानेत धरला, झटका दिला, टाकला. दुसरा धरला. तो घेऊन बसली, छातीचा मऊ भाग तेवढा खाल्ला आणि पंजाने तोंड पुसलं. मग उठून पुढे गेली. मेलेल्याकडे तिने वळून पाहिलं नाही. माती ओढली नाही, काटकी ओढली नाही.

आब्दोनला कळलं, आणि ते इतकं सोपं होतं की त्याला स्वतःची लाज वाटली. डोंगरात शिकार दिवसेंदिवस मिळत नाही, वर गिधाडं टपलेली, म्हणून झाकून ठेवायची. इथे उद्याचं जेवण दारात उभं आहे. झाकायचं कशाला, आणि कुणापासून?

सेनीसा त्याच्या तोंडाकडे बघत होती. हुकमाची वाट पाहत होती. तिची बाजू त्याच्या बाजूला लागून धडधडत होती. त्याने बंदूक वर आभाळाकडे केली आणि चाप ओढला.

प्यूमा दोन झेपांत कडा चढून दिसेनाशी झाली. सेनीसा भुंकत कड्याच्या पायथ्यापर्यंत धावली, तिथे उभं राहून तिने शिव्या द्याव्या तसं भुंकून घेतलं, आणि आब्दोनने शीळ घातली तशी परत आली. एका शिळेत आली. जीभ बाहेर, डोळे चमकलेले, येऊन त्याच्या पोटात डोकं खुपसलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गोळीचा आवाज घरापर्यंत गेला. घरी सगळ्यांच्या लेखी सेनीसा आता मेली होती.

मनात आलं ते आपणहून आलं, त्याने बोलावलं नाही. संध्याकाळी वरच्या रस्त्यावरून ट्रक डोंगराकडे जातो. ट्रकवाला ओळखीचा. डोंगरातल्या कुठल्याही इस्टेटीवर म्हाताऱ्याला आणि कुत्रीला कोपरा मिळेल. इथे दगडांचा एक ढीग तेवढा रचायचा. सिरियाको ढिगाजवळ बसून रडेल, आणि सेनीसा पुन्हा पायांवर झोपेल. सिरियाको रडेल, हे मनात आल्यावर त्याला बरं वाटलं. त्याने काठी बाजूला ठेवली आणि दगड गोळा करायला लागला. सेनीसाला वाटलं खेळ आहे. तीही एक दगड तोंडात घेऊन आली.

ढीग गुडघ्याएवढा झाला असेल नसेल, तोच झुडपं हलली. सिरियाको इतक्यात येणं शक्य नव्हतं, पण तो घरी थांबलाच नव्हता. टेकाडाच्या मागे येऊन बसला होता, गोळीची वाट पाहत. एका हातात फावडं. दुसऱ्या खांद्यावर आब्दोनचा तपकिरी पोंचो.

त्याने सेनीसाला पाहिलं. तो फावड्यासकट खाली बसला. ती धावत त्याच्याकडे गेली आणि त्याचं तोंड चाटू लागली. आब्दोनला पुन्हा तेच दुखलं, त्याच जागी, तेवढंच.

"पोंचो तुझ्याकडे होता तर," तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"तिला गुंडाळायला आणला." सिरियाकोने बाहीने नाक पुसलं. "तुम्ही इस्पितळात गेलात तेव्हा ती खाईना. नुसती दाराकडे तोंड करून पडून राहायची. मरतेय असं वाटलं. तुमचं सामान आणायला डोंगरात गेलो तेव्हा खोपटात हा खुंटीवर होता. आणून तिच्यापुढे टाकला, तेव्हा कुठे झोपली. अजून यावरच झोपते."

आब्दोनने बाजूला ठेवलेली काठी उचलून हातात घेतली.

"तुम्ही आलात तेव्हा द्यायला हवा होता. खाटेखाली लपवून ठेवला." सिरियाको कुत्रीच्या मानेत बोटं घालून बोलत होता, वर बघत नव्हता. "तुमच्या अंगावर हा दिसला असता तर ती तशीच तुमच्या मागे चालती झाली असती. मग मी खोपीत कुणाशी बोलणार होतो? पत्र्याशी?"

वारा पोंचोचं टोक उडवत होता. त्यावर कुत्रीचे राखाडी केस इतके होते की मूळ रंग कळत नव्हता. इतके महिने आब्दोन ज्याच्यावर जळत होता तो उलट आब्दोनवरच जळत होता, खाटेखाली पोंचो दडवून.

"हे दगड कशाला?" सिरियाकोने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "तिला घेऊन पळणार होतो," आब्दोन म्हणाला. "प्यूमाच होती. मादी. आत्ता डोळ्यांनी पाहिली. पेंग्विन खाते, आणि झाकत नाही." मग आणखी एक उरलं होतं, तेही त्याने सांगून टाकलं. "दातांची खूण मी सकाळीच पाहिली होती."

"सकाळीच?"

"सकाळीच."

सिरियाको उठला. फावडं हातात होतं, आणि ते तो डोक्यात घालणार असं आब्दोनला वाटलं. घातलं असतं तरी त्याने हात वर केला नसता. सिरियाकोने पोंचो खांद्यावरून ओढला आणि त्याच्या छातीवर भिरकावला. "घ्या तुमचं," तो म्हणाला. "आणि बाईंना तुम्ही सांगायचं. सगळं. मी एक शब्द बोलणार नाही." त्याने उस्ताद म्हटलं नाही.

आब्दोनने सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्याने, एदेल्मिरा ऐकत असताना. प्यूमा काय खातो आणि काय झाकत नाही तेही सांगितलं, बोटं ताणून अंतर दाखवलं. ब्रिहिदाबाई बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. "बंदूक जागेवर ठेव," ती शेवटी म्हणाली, "आणि पुन्हा मला काही विचारावंसं वाटलं तर मी सिरियाकोला विचारीन." याहून जास्त तिला बोलावं लागलं नाही.

अंधार पडायच्या आधी आब्दोन आणि सिरियाको बाहेर पडले. अंगणाच्या टोकाला कुंपणाचा एक जुना खांब आहे. तिथून डावीकडे आब्दोनची खोली, उजवीकडे सिरियाकोची खोपी. सेनीसा दोघांच्या मध्ये चालत होती. पोंचो आब्दोनच्या खांद्यावर होता, आणि त्याला माहीत होतं, तो तसाच चालत राहिला तर ती येईल. सिरियाकोलाही माहीत होतं. तो समोर बघत होता, जबडा आवळून.

आब्दोन खांबापाशी थांबला. पोंचो काढला, खांबावर टाकला आणि खोलीकडे वळला. शीळ घातली नाही. शीळ न घालणं त्याला कंबर मोडण्यापेक्षा जड गेलं. सिरियाकोनेही हाक मारली नाही. सेनीसाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, मग पोंचो दातांनी खाली ओढला, त्यावर गोल गोल फिरली आणि तिथेच पडली.

ती अजून तिथेच राहते. ब्रिहिदाबाईने खांबाला एक लाकडी खोका ठोकून दिलाय, वाऱ्याकडे पाठ करून. रोज संध्याकाळी एकीकडून आब्दोन येतो, दुसरीकडून सिरियाको, दोघांच्या हातात हाड. दोघे आधी दुसऱ्याचं हाड बघतात, त्यावर मांस किती आहे ते बघतात, मग आपलं टाकतात. सेनीसा दोन्ही खाते. पण आधी कुणाचं उचललं, ते दोघेही रात्रभर लक्षात ठेवतात.